वाटेत अडलेला मुकुट

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कुठं माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही. आमच्या घरात सगळ्यांचाच आवाज मोठा. कुणी हळू बोललं तर बायको कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघते.

कोल्हापुरात आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे, शाळेच्या गॅदरिंगचे, गणपतीतल्या सजीव देखाव्यांचे कपडे भाड्यानं द्यायचे. आजोबांनी सुरू केलं, वडलांनी वाढवलं आणि मी, बायकोच्या मते, बसून सांभाळलं. अंगरखे, जिरेटोप, लाकडी तलवारी, पत्र्याच्या ढाली, राक्षसांच्या मिशा, देवांचे मुकुट, म्हणाल ते मिळतं. शिरोळपासून पेठ वडगावपर्यंतच्या शाळांतले राजे आमच्याच दुकानातनं गेलेत आणि दुसऱ्या दिवशी घामेजून परत आलेत. राजाला धुऊन वाळत घालायची सवय असल्यामुळं राजा या प्रकाराचं मला कधी फार अप्रूप वाटलं नाही.

दुकानात दाराशी एक गादी आहे. पांढरी खोळ, मागं लोड. त्यावर मालक बसतो. दुसऱ्या कुणी बसायचं नाही असा काही लेखी नियम नाही, पण कोण बसत नाही. माझी लेक दहा वर्षं हे दुकान चालवते आणि दहा वर्षं गादीशेजारच्या लाकडी स्टुलावर बसते. मापं ती घेते, मुकुट ती बनवते, मंडळांचे फोन तिला येतात. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडंच गेली, त्यामुळं सकाळी नऊला हजर, दिवेलागणीला घरी. मी गादीवर बसून पेपर वाचायचो आणि आल्यागेल्याला ‘या पावणं’ म्हणायचो.

गादी सोपवायची आमची एक रीत आहे. खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं आणि मुकुट पुसून मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं आणि ज्याला गादी द्यायची त्याला तिच्यावर बसवून आजोबांच्या हातचा पहिला मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवायचा. घरच्या माणसाच्या डोक्यावर मुकुट चढायचा तो आयुष्यात त्या एकाच दिवशी. एरवी माप बघायचं ते लाकडी ठोकळ्यावर. मुकुट डोक्यावर घातला की डोक्यात जातो, असं आजोबा म्हणायचे.

आणि अडचण अशी होती की माझा थोरला भाऊ दहा वर्षांपूर्वी मरताना माझा हात धरून म्हणाला होता, “गादी माझ्या पोराला दे.” मी हो म्हणालो होतो. तो पोरगा, म्हणजे माझा पुतण्या, बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दर दसऱ्याला येतो, पुरणपोळी हाणतो, काकूच्या पाया पडतो आणि जातो. मी दरवर्षी मनात म्हणायचो, यंदा तो विषय काढेल. तो काढायचा नाही, मीही काढायचो नाही. लेक विचारायची, “आप्पा, यंदा काय?” मी म्हणायचो, “बघू पुढल्या वर्षी.” मुलीला गादी दिलेली आमच्यात कधी नव्हती, हेही मनात असणारच. नाही कसं म्हणू?

त्या उन्हाळ्यात पुण्याहून तिला बोलावणं आलं. एका ऐतिहासिक मालिकेचं काम होतं. सगळ्या पोशाखांची जबाबदारी, हाताखाली माणसं, नवऱ्यालाही पुण्यात नोकरी बघून देतो म्हणाले. दिवाळीनंतर शूटिंग सुरू होणार होतं. लेकीनं मला गादीसमोर उभं राहून सांगितलं, “दसऱ्यापर्यंत कळवते म्हटलंय त्यास्नी. आप्पा, स्टुलावर म्हातारी व्हायची न्हाय मला.”

मी पेपर तोंडासमोर धरला. शूर माणूस ना मी!

दुकानात एक पाहुणा आला तो याच दिवसांत, मे महिन्यात, भर दुपारी. उंच, उन्हानं लालबुंद झालेला, पाठीवर पिशवी. परदेशी माणूस आमच्या रस्त्याला आला की चपला शोधत असतो, म्हणून मी बोटानं चप्पल लाईनचा रस्ता दाखवला. तर तो हलायलाच तयार नाही. माझ्या डोक्यावर टांगलेल्या मुकुटांकडं बघत उभा. लेकीनं स्टूल पुढं सरकवलं, माठातलं पाणी दिलं आणि त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागली. मला इंग्रजीतलं अर्धं कळतं आणि कळतं ते बहुतेक चुकीचं असतं.

तो लिथुआनियाचा. हा देश युरोपात पोलंडला लागून आहे, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला कोल्हापूर मात्र लहानपणापासून माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलंडमधनं आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी होती, ते आमच्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. या पाहुण्याची आजी लहानपणी काही वर्षं त्या छावणीत राहिली होती. लढाई संपल्यावर फिरत फिरत आपल्या गावाला पोचली, तर गाव तिथंच होतं पण आता लिथुआनियात मोडत होतं. ती तिथंच राहिली. मरेपर्यंत तिला मराठीतला एक शब्द येत होता. तो शब्द पाहुण्यानं आम्हाला म्हणून दाखवला, “गूळ.” बायको आत होती, ती वाटीत गुळाचा खडा घेऊनच बाहेर आली. त्यानं तो तिथंच चघळला आणि त्याचे डोळे भरले. माझ्या दुकानात माणसं सहसा मिशा चिकटवताना रडतात, म्हणून मला काय करावं ते सुचेना. मी पंखा वाढवला.

तो तिकडं एका लहान गावातल्या शाळेत इतिहास शिकवायचा. म्हणाला, मला एक मुकुट करून हवा आहे, आमच्या राजाचा. जुलैच्या सुरुवातीला आमच्याकडं राज्याभिषेकाचा दिवस असतो, शाळेत आम्ही छोटं नाटक करतो आणि राजा मी होतो. गेली काही वर्षं कागदाचा मुकुट घालतोय.

“राजाचा? कुठल्या राजाचा?” मी लेकीकरवी विचारलं. “किती राजे तुमच्याकडं?”

“मुकुट घातलेला एकच,” लेकीनं सांगितलं.

मला हसू आवरेना. “एकच? अगं, गॅदरिंगच्या दिवसांत आपल्याकडनं शनिवारी सतरा जातात!”

लेकीनं ते सांगितलं की नाही कोण जाणे. पाहुणाही हसला आणि मग त्यानं सगळी हकिकत सांगितली. ती लेक वाक्यावाक्याला मराठीत सांगत गेली. पावणेआठशे वर्षांपूर्वीची गोष्ट. लिथुआनियात तेव्हा प्रत्येक टापूचा वेगळा सरदार होता आणि सगळे एकमेकांच्या उरावर बसलेले. त्यातल्या एकानं बाकीच्यांना दाबून, फोडून, काहींना हाकलून एक राज्य उभं केलं. पण शेजारचे जर्मन सरदार धर्माच्या नावाखाली सारखे चालून यायचे, कारण हे लोक ख्रिस्ती नव्हते. मग या गड्यानं डोकं चालवलं. स्वतःच ख्रिस्ती झाला आणि पोपच्या परवानगीनं मुकुट घालून घेतला. आता बोला! ज्या निमित्तानं मारत होते ते निमित्तच गेलं.

हे मला एकदम पटलं. नुसतं राज्य असून भागत नाही, अभिषेक लागतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. थोरल्या महाराजांनी गड घेतले, मुलूख घेतला, तरी अभिषेक होईतोवर शेजारचे त्यांना जहागीरदाराचा मुलगाच समजत होते. मी मांडी बदलून नीट बसलो. “पुढं?”

पुढं दहा वर्षांत त्याच्याच माणसांनी त्याला मारलं. राजा आणि त्याची दोन पोरं, तिघंही गेले. कटात एक सरदार होता, त्याची बायको राजानं ठेवून घेतली होती.

“दुसऱ्याची बायको कशाला पळवायची मरायला?” आमची बायको आतनं ओरडली.

“आणि दुसरा राजाचा नेफ्यू,” लेक म्हणाली.

मी लोडावरनं पुढं सरकलो. “पुतण्या?”

तिनं पाहुण्याला विचारलं. “न्हाय. बहिणीचा पोरगा. भाचा.”

“भाचा व्हय!” मला उगाचच हायसं वाटलं. लेकीनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळतं, हा तिचा फार मोठा दोष आहे.

राजा गेला आणि मुकुटही गेला. कुठं गेला, कसा दिसायचा, कुणालाच माहीत नाही. अभिषेक कुठल्या गावात झाला तेही पक्कं ठाऊक नाही आणि तारीखसुद्धा अंदाजानं धरलेली. त्यानंतर जे राज्य करायला बसले ते स्वतःला राजा म्हणवून घेत नसत, ग्रँड ड्यूक म्हणत, म्हणजे राजाच्या एक पायरी खाली. मी म्हटलं, “अहो, मग करू कशावरनं?” पाहुण्यानं वहीच्या पानावर एक पट्टी काढली, वर पाकळ्यांसारखी चार पानं. म्हणाला, साधाच असणार. गरीब, जंगलातला देश होता. त्यानं डोक्याचं माप दिलं, लेकीनं टेपनं घेतलं आणि आठवड्यानं येतो म्हणून तो पन्हाळा बघायला गेला.

आता काम सुरू झालं आणि भांडणही. मला ते चित्र बघवेना. राजा म्हणजे तुरा नको? मोत्याची लड नको? निदान मधे एक लाल खडा? लेक म्हणाली, “आप्पा, त्यो काय तमाशातला राजा हाय? साधा म्हणालेत ते.” तिनं पुठ्ठा कापला, खळ लावून वर कापड चढवलं, कापडावर बेगड असं बसवलं की घडी दिसेना. चार पानं पत्र्याची केली, आतनं कापड लावलं. मला मानावं लागलं मनात. तोंडानं मी एवढंच म्हटलं, “पट्टी आवळ झाल्या.”

“मापाची हाय.”

“दोन बोटं सैल पाहिजे.”

हा आमच्या दुकानाचा आजोबांपासूनचा कायदा. आमच्याकडं राजा झालेला माणूस आधी डोक्याला फडकं बांधतो, त्यावर केसांचा टोप चढवतो आणि मग मुकुट. म्हणून मुकुटाला दोन बोटं सैल सोडायची. लेक म्हणाली, ह्यांच्यात तसं नसतं, उघड्या डोक्याला तेल लावतात आणि केसांवरच मुकुट ठेवतात, तिनं मोबाईलवर वाचलं होतं. “मुकुट काय उघड्या डोक्यावर घालतात व्हय? अक्कल शिकवतीस मला?” मी ओरडलो. ती घरी गेल्यावर मी मुकुटाचा पट्टा मागच्या जोडावर उसवला, दोन बोटं सैल केला आणि परत शिवला. सकाळी तिनं ठोकळ्यावर मुकुट बघितला, पट्ट्याच्या टाक्यांवरनं बोट फिरवलं आणि दुसऱ्या कामाला लागली.

आठवड्यानं पाहुणा आला. वळिवड्याला दोनदा जाऊन आला होता, पार खूश होता. मुकुट बघून त्यानं दोन्ही हात गालांना लावले. मग लेकीनं तो त्याच्या डोक्यावर ठेवला.

मुकुट सरळ खाली आला. कपाळ गेलं, भुवया गेल्या, कानांना वाकवून नाकावर येऊन थांबला. आतनं पाहुणा काहीतरी म्हणाला. आमची बायको पदर तोंडात कोंबून आत पळाली. शेजारच्या दुकानातली दोघं दारात आली आणि फिदीफिदी हसत उभी राहिली. मी तापलो. “असं कसं डोकं यांचं एवढुसं?” असंसुद्धा मी म्हणालो, म्हणजे बघा. आता लेक बोलणार म्हणून मी तयारीत होतो. “हे आप्पांनी केलं,” एवढं म्हणायला तिला काय जड होतं? ती पाहुण्याला म्हणाली, “सॉरी, अर्धा तास,” आणि पट्टा उसवायला बसली. त्या अर्ध्या तासात मी गादीवर नुसता बसलो होतो. मला माझी लाज वाटली. तिच्या सुईकडं बघवत नव्हतं.

गप्प बसवेना म्हणून मी पाहुण्याला खुणेनं विचारलं, त्या एकानंतर खरंच कुणीच मुकुट घातला नाही? तो म्हणाला, एकाला घालायचा होता. आणि लेक टाके घालता घालता, मान वर न करता, ती गोष्ट मराठीत सांगत गेली.

“पहिल्या राजानंतर पावणेदोनशे वर्षांनी एक ग्रँड ड्यूक झाला, आप्पा. त्यांचा सगळ्यांत मोठा. एका समुद्रापासनं दुसऱ्या समुद्रापर्यंत राज्य हुतं. म्हातारा झालता, ऐंशीच्या घरात. मग तिकडच्या जर्मन बादशहानं त्याच्यासाठी मुकुट पाठवायचं ठरवलं. दिवस ठरला. ह्यानं पावणं बोलावली, देशोदेशीचे राजे आले. रोज जेवणावळी. आणि सगळे वाट बघत बसले.”

“मग?”

“मुकुट आलाच न्हाय. आधी अभिषेकाची कागदं घेऊन येणाऱ्यांना सरहद्दीवर लुटलं. मग मुकुट घेऊन निघालेली माणसं वाटेतच थांबली. दिवस गेले, आठवडे गेले. पावणं उठून गेली आपापल्या घरी. ह्यो म्हातारा घोड्यावरनं पडला आणि मेला. मुकुट वाटेतच.”

“अडवला कुणी?”

तिनं पाहुण्याला विचारलं. तो बरंच बोलला. तिनं दोरा दातानं तोडला.

“शेजारी पोलंडात ह्याचा चुलतभाऊ राजा हुता. त्याच्या दरबारातल्या लोकांनी. ह्यो राजा झाला तर लिथुआनिया आपल्या हाताबाहेर जाईल म्हणून.”

“भाऊबंदकी,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“व्हय,” लेक म्हणाली. “पण त्याला अजून सगळे ‘थोर’ म्हणूनच ओळखतात. मुकुट न्हवता तरी.”

पाहुणा पुढं म्हणाला ते मला नीट आठवतं. त्यांचा देश नंतर शेजाऱ्यांनी गिळला, मग रशियाच्या झारानं, मग सोव्हिएतनं. पण आपलं राज्य होतं आणि आपण ते परत उभं करू शकतो हे लोक विसरले नाहीत. आता दरवर्षी त्या राज्याभिषेकाच्या दिवशी संध्याकाळी एका ठरलेल्या वेळेला, जगात जिथं जिथं लिथुआनियन माणूस असेल तिथं उभा राहून देशाचं गाणं म्हणतो. ना मुकुट शिल्लक आहे, ना जागा माहीत आहे, ना तारीख. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. लेकीनं मुकुट परत त्याच्या डोक्यावर ठेवला. केसांवर नेमका बसला. शेजारच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यातल्या एकानं हौसेनं गारद दिली, “महाराऽऽऽज!” पाहुणा बिचारा मान वाकवून उभा राहिला.

तो गेला. मला त्या म्हाताऱ्याच्या गोष्टीनं धरलं ते सोडेना. जेवताना आठवायची, पेपर वाचताना आठवायची. इतक्या लांबनं निघालेला मुकुट आणि वाटेत हात आडवा करून उभी असलेली माणसं. त्यांनाही वाटत असणार की आपण दिलेला शब्दच पाळतोय.

जुलैत पाहुण्यानं व्हिडिओ पाठवला. शाळेचं पटांगण, संध्याकाळचे नऊ वाजलेले आणि ऊन अजून लख्ख. आमचा पाहुणा चादरीच्या झग्यात, डोक्यावर आमचा मुकुट. पोरं, बाया, म्हातारी माणसं उभी राहून गात होती. काही जण गाताना रडत होते आणि हसतही होते. मला भाषेचं अक्षर कळलं नाही, पण अंगावर काटा आला. मी लेकीला तो चार वेळा लावायला लावला. खाली त्यानं लिहिलं होतं ते तिनं वाचून दाखवलं नाही, म्हणून मी शेजारच्याकडनं वाचून घेतलं. लिहिलं होतं: सगळ्यांनी मुकुटाला हात लावून बघितला. कुणी केला म्हणून विचारत होते. मी सांगितलं, कोल्हापूरला एक बाई आहे, तिचं दुकान आहे.

एक बाई. तिचं दुकान. माझा उल्लेख कुठंच नव्हता! मी संध्याकाळपर्यंत फुरंगटून बसलो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ती म्हणाली, “मग खोटं काय लिव्हलंय त्यानं?”

तरी श्रावण गेला, गणपती गेले, मी गप्पच. गणपतीत लेकीनं चौदा मंडळांचे देखावे सांभाळले, पायाला भिंगरी लावून फिरली. पितृपंधरवड्यात भावाची तिथी आली. पान वाढलं, कावळा शिवला आणि मला एकदम वाटलं, आता पुरे झालं. मी ताटावरनं उठून पुतण्याला फोन लावला. दहा वर्षं जे बोललो नाही ते एका दमात बोललो. तुझ्या बापानं असं सांगितलंय, मी शब्द दिलाय, गादी तुझी हाय, घेणार का ते सांग.

तो म्हणाला, “काका, मला दुकान कधीच नको हुतं. मला त्या मिशांची लहानपणापासनं भीती वाटते.”

“मग सांगितलं न्हाईस कधी?”

“तुम्ही कधी विचारलंच न्हाय की. मला वाटलं, ताईचंच हाय ते. सगळ्यांस्नी तसंच वाटतंय.”

मी त्याला शिव्या घातल्या. मनसोक्त घातल्या. तो हसत होता. फोन ठेवला आणि मी ओसरीवर बसून राहिलो. लिथुआनियात निदान सरहद्द होती, दरबार होता, लुटारू होते. इथं वाटेत दुसरं कोणीच नव्हतं. दहा वर्षं मी एकटाच उभा होतो.

खंडेनवमीला दुकान धुतलं. तलवारी, ढाली, मुकुट मांडले, झेंडूचे हार घातले. बायको, जावई, पुतण्या, शेजारचे दुकानदार, सगळे जमले. मी आजोबांचा मुकुट पुसून तबकात ठेवला आणि लेकीला म्हटलं, “बस गादीवर.”

ती बसली नाही. हातातलं फडकं खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, “त्यो न्हाय म्हणाला म्हणून मला देताय व्हय, आप्पा?”

पुतण्यानं मान खाली घातली. बायकोचा हात तोंडावर गेला. माझ्या जिभेवर पहिल्यांदा आलं ते खोटंच होतं. मी म्हणणार होतो, छे, मी आधीच ठरवलं होतं. ती माझ्याकडं सरळ बघत होती. मला तो पट्टा दिसला, तिनं मान खाली घालून उसवलेला.

“खरं सांगू?” मी म्हणालो. “त्यो व्हय म्हणाला असता तर मी शब्दात अडकलो असतो, आणि तुला घालवून बसलो असतो. मग जन्मभर हात चोळत बसलो असतो. चूक माझी हाय. दुकान तूच चालवतीस, ते तिकडं लिथुआनियात कळलं, मला हितं बसून कळलं न्हाय. कळलं हुतं, पण बोललो न्हाय. आणि त्या पट्ट्याचं माप तुझं बरोबर हुतं, मी उसवलं हुतं ते.”

शेजारचा एक जण खोकला. लेकीनं नाक पुसलं, पदरानं नव्हे, बाहीनं, लहानपणी पुसायची तसं.

“हे दहा वर्षांपूर्वी बोलला असता तर?” ती म्हणाली.

“दहा वर्षांपूर्वी मला कळत न्हवतं. आता कळतंय ते घे की.”

ती बसली. मी तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला. पुतण्याच पहिल्यांदा तिच्या पाया पडला, मग सगळे हसायला लागले, मग पेढे आले. तिनं तिथंच बसून पुण्याला फोन लावला आणि सांगितलं, यायला जमणार नाही, पण पोशाख इथनं शिवून देऊ, चालतंय का बघा. त्यांचं उत्तर काय आलं ते मला कळलं नाही. तिचा चेहरा मात्र फुलला होता.

दोन दिवसांनी दुकान उघडलं. मी सवयीनं आत शिरलो आणि गादीवर ती बसलेली बघून एक क्षण पाय थबकला. खोटं कशाला बोलू, जड गेलं. चाळीस वर्षांची जागा. मग मी स्टुलावर जाऊन बसलो. बरंच उंच आहे ते, पाय लोंबकळतात.

तेवढ्यात कबनूरच्या शाळेचे एक सर आले, गॅदरिंगसाठी. त्यांनी गादीकडं बघितलंच नाही, सरळ माझ्याकडं वळले. “मालक, यंदा आम्हाला एक राजा आणि आठ मावळे पाहिजेत.”

माझं तोंड उघडलं होतं. ‘या पावणं’ जिभेवर होतं. लेकीनं वही उघडली.

“मालक त्या हायत,” मी म्हणालो. “त्यास्नी सांगा. मी चहा सांगून येतो.”